टोकियोत परवडणारे हॉटेल कसे निवडावे: आधी रेल्वेमार्ग, मग खोली

स्वस्त हॉटेल शोधताना आपल्या मनात काही धास्ती ठरलेल्या असतात. चादर धुतलेली असेल का, न्हाणीघरात पाय ठेववेल का, रात्री उशिरा परतताना गल्ली सुरक्षित वाटेल का, हे प्रश्न आपण सवयीने विचारतो आणि दर जितका कमी तितकी शंका वाढत जाते. टोकियोच्या बाबतीत ही धास्ती बहुतांशी अनाठायी आहे. तेथे दर उतरतो तशी स्वच्छता उतरत नाही. आकसते ती जागा आणि वाढते ते स्टेशनपासूनचे अंतर. म्हणून टोकियोत हॉटेल निवडणे म्हणजे आपण किती चौरस फुटांत राहू शकतो आणि दिवसाकाठी किती मिनिटे चालण्यात व गाडी बदलण्यात घालवायला तयार आहोत, याचा हिशोब करणे होय. हा हिशोब ज्या क्रमाने केल्यास सोपा जातो, तोच क्रम येथे ठेवला आहे.

तारखा आणि व्हिसा

एकाच खोलीचा दर तारखेनुसार दुप्पट होऊ शकतो, त्यामुळे तारखा थोड्या पुढे-मागे करता येत असतील तर सर्वात मोठी बचत तेथेच होते. २९ एप्रिल ते ५ मे या काळातील सलग सुट्ट्या, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पितरांचा सण आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी हे नववर्षाचे दिवस जपानी लोकांच्या स्वतःच्या प्रवासाचे असतात. मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर पाहण्यासाठी जगभरातून गर्दी लोटते. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये येत असल्याने मराठी कुटुंबे नेमकी महागड्या आठवड्यात अडकतात. मेचा दुसरा आठवडा गाठता आला तर हवाही छान असते आणि दरही खाली आलेले असतात. आठवड्यातही शनिवारची रात्र सर्वात महाग आणि रविवारची बहुधा सर्वात स्वस्त असते. त्यामुळे मुक्काम शनिवारी सुरू करण्याऐवजी रविवारी सुरू करून पाहावा.

भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसाच्या अर्जासोबत दिवसवार वेळापत्रक द्यावे लागते आणि त्यात राहण्याच्या ठिकाणाचा तपशील लिहावा लागतो. म्हणजे व्हिसा हातात येण्यापूर्वीच हॉटेल ठरवणे भाग असते. अशा वेळी परतावा न मिळणारी स्वस्त योजना मोहात पाडते, परंतु पहिले आरक्षण नेहमी विनामूल्य रद्द करता येईल असेच करावे. रद्द करण्याची मुदत जपानी वेळेनुसार मोजली जाते आणि ती भारताच्या साडेतीन तास पुढे असते, हे मोबाइलमध्ये आठवण लावताना ध्यानात ठेवावे.

रेल्वेमार्ग ठरवणे

बहुतेक जण नकाशावर शहराचा मध्य शोधून त्याच्याजवळचे हॉटेल पाहतात. टोकियोला असा एक मध्य नाही. शिंजुकू, शिबुया, इकेबुकुरो, उएनो, टोकियो स्टेशन ही प्रत्येकी एखाद्या शहराएवढी केंद्रे आहेत आणि त्यांना यामानोते हा वर्तुळाकार रेल्वेमार्ग जोडतो. या मार्गावर ३० स्टेशने असून पूर्ण फेरीला सुमारे एक तास लागतो. त्यामुळे ‘मध्यवर्ती’ हा जाहिरातीतला शब्द बाजूला ठेवून हॉटेल यामानोते मार्गावर किंवा त्याला थेट मिळणाऱ्या मार्गावर आहे का, एवढेच पाहावे.

आणखी एक गोष्ट अनेकांना तेथे पोचल्यावर कळते. टोकियोतील रेल्वे एका संस्थेची नाही. यामानोते जेआरचा, म्हणजे जपान रेल्वे समूहाचा आहे, भुयारी रेल्वेत टोकियो मेट्रोचे ९ मार्ग आणि महानगर प्रशासनाच्या तोएईचे ४ मार्ग आहेत, आणि त्याशिवाय खासगी कंपन्या आहेत. एका कंपनीच्या गाडीतून दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बदलले की बहुधा नवे किमान भाडे लागू होते. एका छोट्या प्रवासाला साधारण दोनशे येन धरले आणि रोज दोन वेळा कंपनी बदलावी लागली, तर चौघांच्या कुटुंबाला रोज सोळाशे येनपर्यंत जादा मोजावे लागतात. हॉटेलच्या दरात वाचवलेली रक्कम अशी गाडीभाड्यात जाते. त्यामुळे आधी पाहण्याच्या ठिकाणांची यादी करावी, त्यांतली बहुतेक कोणत्या मार्गावर आहेत ते पाहावे आणि त्याच कंपनीच्या स्टेशनजवळ राहावे. शहराबाहेर निक्को किंवा फुजीच्या परिसरात जायचे असेल तर तिकडची गाडी कोठून सुटते, हेही या यादीत धरावे.

विमानतळाचा विचार येथेच करावा. नारिता शेजारच्या चिबा प्रांतात, शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे; हानेदा शहराच्या हद्दीतच आहे. नारिताहून केइसेई कंपनीची स्कायलायनर ही गाडी निप्पोरी आणि उएनोला साधारण ४० मिनिटांत पोचवते. तोएईच्या आसाकुसा मार्गावर राहिल्यास नारिता आणि हानेदा या दोन्हींकडून थेट गाड्या मिळतात आणि सामानासह गाडी बदलण्याचा त्रास वाचतो. रात्री उशिरा उतरणार असाल तर शेवटच्या गाड्या मध्यरात्री ते एकच्या दरम्यान संपतात, त्यानंतर पहाटे साडेचार-पाचपर्यंत काही नसते आणि टॅक्सीला रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत २० टक्के जादा दर लागतो. असे असल्यास पहिली रात्र विमानतळाजवळ काढणे स्वस्त पडते. हानेदासाठी कामाता हा भाग सोयीचा आहे, मात्र तेथे जेआरचे कामाता आणि केइक्यू कंपनीचे केइक्यू-कामाता ही दोन वेगळी स्टेशने असून त्यांच्यात सुमारे पाऊण किलोमीटरचे अंतर आहे. विमानतळाची गाडी केइक्यू-कामाताला येते.

वस्ती निवडणे

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी उएनो आणि त्याच्या पूर्वेकडचा पट्टा, म्हणजे ओकाचिमाची, आसाकुसा, कुरामाए आणि आसाकुसाबाशी, सुचवीन. नारिताची थेट गाडी, जेआर, मेट्रो आणि तोएई हे सर्व येथे हाताशी आहेत, आणि पश्चिमेकडील शिंजुकू-शिबुयाच्या तुलनेत तेवढ्याच खोलीला कमी पैसे पडतात. ओकाचिमाची हा जवाहिऱ्यांचा बाजार आहे. तेथे भारतीय हिरेव्यापाऱ्यांची जुनी ये-जा असल्यामुळे शाकाहारी, अगदी जैन पद्धतीचे जेवणही मिळू शकते, आणि आठवडाभराच्या मुक्कामात घरच्या मोठ्या माणसांसाठी ही सोय फार मोलाची ठरते. आसाकुसा निवडताना एक काळजी घ्यावी. त्याच नावाचे त्सुकुबा एक्सप्रेस या रेल्वेमार्गाचे स्टेशन इतर आसाकुसा स्टेशनांपासून बरेच दूर आहे, त्यामुळे ‘आसाकुसा स्टेशनपासून तीन मिनिटे’ या वाक्यातले स्टेशन कोणते, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इकेबुकुरोच्या शेजारचे ओत्सुका हे यामानोतेवरचेच, पण पर्यटकांच्या कमी ध्यानात असलेले स्टेशन आहे. बाहेर पडताच छोटी ट्राम दिसते, गल्ल्यांत स्थानिक लोकांची खाणावळवजा दुकाने आहेत आणि दर शेजारच्या मोठ्या केंद्रापेक्षा सौम्य असतात. मोठ्या स्टेशनाच्या एक-दोन स्टेशने अलीकडे राहावे, ही युक्ती यामानोतेवर सर्वत्र चालते. शिंजुकूची भुरळ पडते खरी, परंतु त्या स्टेशनाला दोनशेहून अधिक बाहेर पडण्याच्या वाटा आहेत आणि चुकीच्या वाटेने वर आल्यास हॉटेल समोर दिसूनही अर्धा तास जातो. तेथील काबुकिचो भागातले दर कमी दिसले तरी रात्री दलालांचा ससेमिरा असतो. मुलाबाळांसह तेथे उतरू नये.

सर्वात स्वस्त खोल्या मिनामी-सेंजूच्या परिसरात सापडतात. हा भाग एके काळी सान्या म्हणून ओळखला जात असे. युद्धोत्तर काळात शहर उभारणारे रोजंदारी मजूर येथे राहत. आजच्या नकाशावर ते नाव सापडत नाही, पण मजुरांच्या जुन्या निवासांपैकी अनेक आता प्रवाशांना खोल्या देतात. खोली तीन तातामींची (तातामी म्हणजे जमिनीवर अंथरायची जपानी गवती चटई), म्हणजे सुमारे ५० चौरस फुटांची, जमिनीवर गादी, स्नानगृह सामायिक. हिबिया मार्गाने उएनो तीन स्टेशनांवर आहे. एकट्या, काटकसरी आणि सामान कमी असलेल्या प्रवाशाला ही जागा उत्तम. आई-वडिलांना तेथे नेऊ नये.

निशी-कासाईचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण ओळखीतला कोणीतरी तेथे राहतोच. २००० सालच्या संगणकीय अडचणीच्या (वायटूके) निमित्ताने आलेल्या भारतीय अभियंत्यांची ही वसाहत एदोगावा प्रभागात आहे, आणि २०१९ मध्ये त्याच प्रभागाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. किराणा, पोळी-भाजी, मराठी कानावर पडणे, सर्व काही आहे. परंतु सकाळच्या वेळी तेथून शहरात जाणारा तोझाई मार्ग टोकियोतील सर्वाधिक गर्दीच्या मार्गांत गणला जातो. मुंबईच्या लोकलची सवय असली तरी बॅगा घेऊन साडेसात ते नऊच्या दरम्यान त्यात चढण्याचा विचार करू नये.

खोलीचा प्रकार आणि क्षेत्रफळ

येथे मात्र घाई करू नये, कारण बहुतेक तक्रारी याच टप्प्यावर जन्माला येतात. मध्यम दराच्या प्रवाशासाठी जपानने घडवलेला प्रकार म्हणजे बिझनेस हॉटेल. कामानिमित्त फिरणाऱ्या नोकरदाराला रात्रीपुरती नेटकी खोली हवी, एवढ्याच हेतूने ते बांधलेले असते. तोयोको इन, आपा, सुपर हॉटेल, डॉर्मी इन या साखळ्यांच्या शाखा शहरभर आहेत. एकट्यासाठीची खोली साधारण ११ ते १३ चौरस मीटर, म्हणजे १२० ते १४० चौरस फूट असते आणि त्यातच न्हाणीघरही मोजलेले असते. हे न्हाणीघर एकसंध प्लॅस्टिकच्या पेटीसारखे असते. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी मोठे हॉटेल वेळेत उभे करायचे म्हणून कारखान्यात तयार करून आणलेल्या न्हाणीघरांपासून हा प्रकार रूढ झाला. आत वळायला जागा कमी असली, तरी कमोडला पाण्याची फवारणी जवळपास सर्वत्र असते आणि या एका बाबतीत जपानचे स्वस्त हॉटेल युरोपातील महागड्या हॉटेलापेक्षा आपल्याला अधिक घरचे वाटते.

पलंगाची नावे नीट वाचावीत. ‘सेमी-डबल’ म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटर रुंदीचा एक पलंग. संकेतस्थळ तो दोघांना देऊ करते आणि दर आकर्षक असतो, पण दोन प्रौढांनी त्यावर सलग पाच रात्री काढणे म्हणजे संसाराची परीक्षा आहे. ‘डबल’ सहसा १४० सेंटिमीटरचा असतो, आणि दोन स्वतंत्र पलंग हवे असतील तर ‘ट्विन’ पाहावे. दोघांना आपल्या मोठ्या बॅगा जमिनीवर उघडता याव्यात असे वाटत असेल तर १६ चौरस मीटरच्या खाली जाऊ नये. खोलीचे छायाचित्र पाहून अंदाज बांधू नये, कारण रुंद कोनातून घेतलेल्या छायाचित्रात कपाटसुद्धा दिवाणखाना भासते. चौरस मीटरचा आकडा दिला नसेल तर ते हॉटेल सोडून द्यावे.

तिघा-चौघांच्या कुटुंबाची अडचण खरी आहे. बिझनेस हॉटेलात तीन पलंगांची खोली क्वचित असते आणि आपल्याकडच्यासारखी ‘जादा गादी टाका’ ही सोय मिळत नाही. नोंदवलेल्यापेक्षा अधिक माणसे खोलीत ठेवणे हा तेथे करारभंग समजला जातो. शाळेत न जाणारे मूल आईवडिलांच्या पलंगावर झोपणार असेल तर बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. या सवलतीला जपानीत ‘सोइने’ म्हणतात आणि वयाची अट प्रत्येक हॉटेलची वेगळी असते. त्यापुढच्या वयाच्या मुलांसाठी दोन ट्विन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा असलेले अपार्टमेंट-हॉटेल, किंवा तातामीची जपानी खोली असे तीन पर्याय उरतात. तातामीच्या खोलीत चार गाद्या शेजारी-शेजारी पडतात आणि मुले त्यात रमतात, परंतु गुडघेदुखी असलेल्यांना जमिनीवरून उठणे जड जाते.

कोणाच्या घरी राहण्याचा, म्हणजे ‘मिनपाकु’चा पर्याय निवडल्यास जाहिरातीत परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक आहे का ते पाहावे. जून २०१८ पासून अशा घरांसाठी नोंदणीचा कायदा लागू आहे आणि त्याखाली वर्षाला कमाल १८० दिवसच पाहुणे ठेवता येतात.

कॅप्सूल हॉटेलची कल्पना १९७९ मध्ये ओसाकात वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी प्रत्यक्षात आणली. सुमारे एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब अशा खणात झोपायचे असते, दाराऐवजी पडदा किंवा झडप असते आणि मोठी बॅग बाहेरच ठेवावी लागते. एका रात्रीचा अनुभव म्हणून ठीक आहे. सलग मुक्काम केला तरी साफसफाईसाठी अनेक ठिकाणी रोज सकाळी बाहेर पडावे लागते, हे मात्र आरक्षणापूर्वी तपासावे.

दर वाचणे

अलीकडच्या काळात टोकियोत कॅप्सूल किंवा सामायिक खोलीतील खाटेला साधारण ३ ते ६ हजार येन, बिझनेस हॉटेलातील एकट्याच्या खोलीला ७ ते १२ हजार येन आणि ट्विनला १२ ते १८ हजार येन पडतात. शंभर येनला पंचावन्न ते साठ रुपये धरून हिशोब करावा. जपानी संकेतस्थळांवर दर पुष्कळदा माणशी लिहिलेला असतो, खोलीमागे नव्हे. आठ हजार पाहून आनंदित झालेल्या जोडप्याला शेवटच्या पानावर सोळा हजार दिसतात. दरात १० टक्के उपभोगकर धरलेला आहे का तेही पाहावे. टोकियोने २००२ पासून निवासकर लावला. सुरुवातीपासूनच्या रचनेत माणशी रात्रीचा दर १० हजार येनच्या खाली असल्यास तो लागत नाही, पुढे १०० आणि १५ हजारांपासून २०० येन घेतात. नियम बदलू शकतात, म्हणून आरक्षणाच्या पानावरचा कर अंतिम मानावा.

‘सुदोमारी’ म्हणजे जेवणाविना केवळ मुक्काम. शाकाहारी माणसाने बहुधा हाच दर घ्यावा, कारण फुकट न्याहारीतल्या साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही माशाचा अर्क असतो. ‘किन-एन’ म्हणजे धूम्रपानास मनाई असलेली खोली. सर्वात स्वस्त दर काही वेळा धूम्रपानाच्या खोलीचा असतो आणि तो वास पडद्यांतून, गादीतून कधीच जात नाही. शे-दोनशे येनसाठी ही चूक करू नये.

खोलीत काय मिळते, काय न्यावे

पाणी गरम करण्याची किटली जवळपास प्रत्येक बिझनेस हॉटेलात मिळते आणि मायक्रोवेव्ह तळमजल्यावर किंवा एखाद्या मजल्यावर सामायिक असतो. त्यामुळे गरम पाणी घालून होणारे पोहे, उपमा, भात यांची पाकिटे सकाळची काळजी मिटवतात. मांस असलेले पदार्थ जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. वीज १०० व्होल्टची आणि दोन चपट्या पट्ट्यांच्या पिनेची असते. मोबाइलचे चार्जर चालतात, पण घरची इस्त्री, पाण्यात बुडवायचा हीटर किंवा विजेचा कुकर तेथे नीट चालत नाही आणि खोलीत स्वयंपाकाला परवानगीही नसते. नाण्यांवर चालणारी धुलाई यंत्रे असलेले हॉटेल निवडल्यास निम्मे कपडे घरी ठेवता येतात, आणि छोट्या खोलीत तेच महत्त्वाचे. काही साखळ्यांमध्ये सामायिक गरम पाण्याचे स्नानगृह असते. तेथे पूर्ण विवस्त्र होऊन उतरण्याची रीत आहे, स्त्री-पुरुषांची सोय वेगळी असते आणि गोंदण असलेल्यांना अनेक ठिकाणी प्रवेश नाकारतात.

आरक्षणाचे बटण दाबण्यापूर्वी

‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ यामागे जपानमध्ये एक ठरलेले माप आहे. घरांच्या जाहिरातींत ८० मीटरला एक मिनिट असा नियम आहे आणि हॉटेलेही साधारण तसेच मोजतात. म्हणजे पाच मिनिटे म्हणजे ४०० मीटर. यात सिग्नलला थांबणे, जिने आणि ओढायची बॅग धरलेली नसते. जिन्यांचा प्रश्न गंभीर आहे. गिन्झा मार्गाचा उएनो-आसाकुसा हा टप्पा १९२७ चा, आशियातील पहिल्या भुयारी रेल्वेचा, त्यामुळे तेथील जुन्या वाटा अरुंद आहेत. उलट तोएईच्या ओएदो मार्गावरचे रोप्पोंगी स्टेशन जमिनीखाली ४२ मीटरवर आहे. स्टेशनाच्या एखाद-दुसऱ्याच वाटेला लिफ्ट असते. त्या वाटेचा क्रमांक शोधून तेथून हॉटेलपर्यंतचे अंतर नकाशावर मोजावे. इमारत जुनी वाटल्यास ती जून १९८१ च्या भूकंपविषयक बांधकाम नियमांनंतरची आहे का, हे पाहणे शहाणपणाचे आहे.

शाखेचे पूर्ण नाव आणि जपानी लिपीतील पत्ता जतन करावा. माझ्या पहिल्या प्रवासात मी एका साखळीच्या भलत्याच शाखेत दोन बॅगा ओढत पोचलो होतो. नावात फक्त शेवटचा ‘एकिमाए’, म्हणजे स्टेशनसमोर, एवढा शब्द वेगळा होता. काउंटरवरच्या मुलीने वाकून क्षमा मागितली, नकाशा छापून दिला आणि मी पावसात आणखी वीस मिनिटे चाललो. चूक सर्वस्वी माझी होती. जपानी पत्त्यात रस्त्याचे नाव नसते. प्रभागाचे नाव आणि विभाग, गट (ब्लॉक) व इमारत यांचे आकडे असतात, त्यामुळे टॅक्सीचालकाला इंग्रजी नाव सांगण्यापेक्षा जपानी पत्ता दाखवणे बरे.

खोली दुपारी तीन किंवा चारनंतरच मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. यात ढील मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. सकाळच्या विमानाने उतरल्यास सामान मात्र काउंटरवर विनामूल्य ठेवून घेतात. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत ते काढतील. तो कायद्याचा भाग आहे. अपेक्षित वेळेपेक्षा फार उशीर होणार असेल तर आधी कळवावे, अन्यथा पाहुणा आलाच नाही असे समजून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते. शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावरही बॅगा तेथेच ठेवता येतात, फक्त पावतीचा बिल्ला सांभाळावा आणि काउंटर रात्री बंद होते का ते सकाळीच विचारून घ्यावे, कारण छोट्या वसतिगृहांत ते रात्री नऊ-दहालाच बंद होते.